शेवटची एकेरी

"सहा," मी म्हणालो.

शुभदानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं साखरेची पुडी फाडली, अर्धी कपात ओतली आणि उरलेली अर्धी नीट दुमडून बशीत ठेवली. लग्नाला अकरा वर्षं झाली की तेवढ्यावरूनही कळतं, आज आपलं काही खरं नाही.

"आन् पुष्करले?" खानझोडे सरांनी विचारलं.

"नऊ."

"घ्या! बायकोले सहा आन् या पोट्ट्याले नऊ. असा परीक्षक पाहिजे, बापा," सर म्हणाले आणि खूश होऊन त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

पुष्करनं मान खाली घालून हसू लपवलं. तेही त्याला शोभून दिसायचं, हीच तर माझी पंचाईत होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आम्ही मनिलाला आशियाई सांघिक पूल स्पर्धेसाठी गेलो होतो. एका मोठ्या मॉलच्या तळमजल्यावर टेबलं मांडली होती आणि वरच्या मजल्यांच्या कठड्यांवरून लोक वाकून बघायचे. आपला संघ चौघांचा. लुधियानाचा जसपाल, चेन्नईचा मुरली, मुंबईचा पुष्कर तळपदे आणि सांगलीची शुभदा, म्हणजे माझी बायको. नागपूरचे विलास खानझोडे संघाचे प्रशिक्षक. मी परीक्षक. म्हणजे खेळायचं नाही, खुर्चीत बसून प्रत्येकाचा खेळ बघायचा आणि दहापैकी मार्क द्यायचे.

मार्क देण्याची सरांची रीत अजब होती. कागदावर काही लिहायचं नाही, कानात काही सांगायचं नाही. सामने संपले की सगळ्यांनी हॉटेलात चहाला जमायचं आणि परीक्षकानं ज्याचे मार्क त्याच्या तोंडावर सांगायचे. या बैठका हिंदीत चालायच्या. पण सर भडकले किंवा खूश झाले की मराठीवर यायचे आणि या दोहोंपैकी एक काहीतरी त्यांचं सतत चालू असायचं. तेवढ्यापुरते मुरली आणि जसपाल मुकाट चहा पीत बसायचे.

त्याआधीची दहा वर्षं या संघात मी स्वतः होतो. मी आणि शुभदा दुहेरीची जोडी, आणि लढत बरोबरीत आली तर शेवटची एकेरी माझी. त्या वर्षी माझा उजवा खांदा जाम झाला. शर्ट घालतानासुद्धा शुभदाला हाक मारावी लागायची. संघात माझ्या जागी पुष्कर आला, दुहेरीत शुभदाचा जोडीदार झाला, आणि सरांनी माझ्यावर दया दाखवून मला परीक्षक केलं. खेळणाऱ्या माणसाला खेळ बघायला बसवणं ही दया आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा बसून बघावं.

मनिलात उतरल्या दिवशी खोलीत बॅग उघडता उघडता शुभदा म्हणाली होती, "श्री, या वेळी मला शेवटची एकेरी खेळायची आहे."

मी चकित झालो. दहा वर्षांत तिनं तो विषयच काढला नव्हता.

"मग सरांना सांग."

"सरांना मार्क तू सांगणार आहेस. मला तुझी मेहेरबानी नको. बायको म्हणून अर्धा मार्कसुद्धा नको. फक्त नीट बघ. बाकी काही नको."

"बघणारच. त्यासाठीच आलोय."

आणि मी बघत होतोच. पण बघत होतो पुष्करकडे.

पूल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलावर एक ते नऊ नंबरचे चेंडू. पांढऱ्या चेंडूनं मारून त्यातला सगळ्यात लहान नंबर आधी टेबलाच्या कडेच्या भोकात घालायचा, आणि नऊ नंबर जो घालेल त्याचा डाव. दुहेरीत जोडीदारांनी आळीपाळीनं एकेक फटका मारायचा. म्हणजे मी चेंडू घातला की पुढचा तिनं घालायचा, आणि माझ्या फटक्यानंतर पांढरा चेंडू जिथे जाऊन थांबेल तिथूनच तिला मारावं लागणार. पती-पत्नीचा खेळ आहे तो. एकानं करून ठेवायचं आणि दुसऱ्यानं निस्तरायचं.

माझ्या जागी तो सत्तावीस वर्षांचा पुष्कर उभा होता. पाच फूट चार इंच उंची, कुरळे केस आणि तोंडात साखर. चहाच्या वेळी तो शुभदाला ताई म्हणायचा. टेबलाशी मात्र नुसतं "शुभ". "शुभ, मस्त!" "शुभ, चल!" शुभ काय शुभ? ती काय लग्नपत्रिका होती? तिनं घरून माझ्यासाठी आणलेलं भडंग तो डब्यात हात घालून खायचा आणि वर मलाच विचारायचा, "दादा, थोडं घेणार?"

एवढं सगळं मी गिळलं असतं. एक गोष्ट मात्र माझ्या घशाखाली उतरत नव्हती. शुभदा फटका मारायला वाकण्याआधी एकदा जोडीदाराकडे बघायची. एकच क्षण, वरपासून खालपर्यंत, अगदी एकाग्रपणे. तशी ती दहा वर्षं माझ्याकडे बघत आली होती. तेवढ्या गर्दीत, तेवढ्या ताणात तिला आधी मी दिसावा लागतो, याचा मला कोण अभिमान! मित्रांना मी ते सांगितलंही होतं. आणि आता तीच नजर, जशीच्या तशी, त्या पोराकडे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पण ते कुणाला कळता कामा नये. बायकोच्या जोडीदारावर जळणारा नवरा, तोही परीक्षक. सगळ्यांनी हसून हसून पोट धरलं असतं. म्हणून मी पुष्करला मोठ्या मनानं मार्क द्यायचो. आठ वाटले की नऊ. माझं मन साफ आहे हे चौघांत दिसावं म्हणून त्याला एक मार्क वरती.

"मंग ऐका," त्या दिवशी चहा संपवून सर म्हणाले, "उद्या सेमीफायनल. आतापर्यंत शेवटच्या एकेरीची गरजच पडली नाही, आधीच निकाल लागून राहिला. फायनलले ती पडणार. अन् ती जो खेळंल तो मार्कांवर. जसपाल आन् मुरली आधीच्या एकेऱ्यायत अडकले; शुभदा किंवा पुष्कर, ज्याचे जास्त त्याची एकेरी. उद्याच्या चहाले नाव पक्कं."

शुभदा कप ठेवून उठली.

खोलीत आल्यावर तिनं दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

"सहा?"

"तुझे तीन चेंडू सुटले, शुभा. त्याचा एकही नाही."

"मी कुठले चेंडू मारत होते, ते बघितलंस?"

"बघितलं."

"नाही बघितलंस. तू सबंध वेळ पुष्करकडे डोळे वटारून बसला होतास."

"डोळे वटारून? मी त्याला नऊ दिलेत!"

"तेच म्हणते," ती म्हणाली आणि पाठ करून झोपली.

दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत समोर व्हिएतनामचा संघ होता. दुहेरीचा सामना पहिला. मी पहिल्या रांगेत, टेबलापासून चार हातांवर बसलो होतो. पुष्कर सुरेख खेळत होता. एक चेंडू पडला, दुसरा पडला, वरच्या कठड्यांवरून शिट्ट्या आल्या. मधल्या विश्रांतीत निवेदकानं ध्वनिक्षेपकावर सांगितलं की तळपदे यांनी या स्पर्धेत आतापर्यंत एकदाही रेस्ट हातात घेतलेली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला भर सभेत कोणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं.

रेस्ट म्हणजे पुढे फाटा असलेली लांब काठी. चेंडूपर्यंत हात पोचला नाही की त्या फाट्यावर क्यू, म्हणजे मारायची छडी, टेकवून मारतात. रेस्टनं मारणं अवघड, नेम हमखास हलतो. आणि मी रेस्ट न घेणारा खेळाडू म्हणून प्रसिद्ध होतो. "श्रीरंगची रेस्ट टेबलाखाली गंजते," असं सांगलीच्या क्लबात म्हणायचे. मी वरवर नको नको म्हणायचो आणि आतून फुलून यायचो. तो माझा एकट्याचा मान होता. खांदा गेला, जागा गेली, भडंग गेलं, आणि आता हे पण?

मग डोक्यात एक साधा हिशेब आला. मी पाच फूट दहा इंच. माझे हात लांब, म्हणून मला रेस्ट लागत नाही, असं मी धरून चाललो होतो. हा माझ्यापेक्षा वीतभर बुटका. याला कशी लागत नाही? काहीतरी लबाडी असणार. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकलो. आता याला पकडतोच.

शुभदाची पाळी होती. तीन नंबर पार पलीकडच्या कोपऱ्यात. तिनं पुष्करकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग तिनं टेबलाखालची रेस्ट ओढली, वाकली आणि तीन नंबर घातला. पांढरा चेंडू दोन कडांना लागून संथपणे अलीकडे आला आणि पुष्करच्या पुढ्यात थांबला. पुष्करनं जवळजवळ उभ्या उभ्याच चार नंबर घातला. टाळ्या. त्याचा पांढरा चेंडू मात्र वाट्टेल तिथे गेला, टेबलाच्या मधोमध, जिथे कोणत्याच बाजूनं नीट हात पोचत नाही. शुभदानं पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा रेस्ट घेतली. पाच नंबर कसाबसा कडेला घासून पडला, आणि पांढरा चेंडू पुन्हा पुष्करच्या पुढ्यात येऊन थांबला.

तेव्हा कुठे मी पुष्करकडे बघणं सोडलं. नुसता पांढरा चेंडू बघत राहिलो.

पुढचा सबंध डाव तेच. तो मारायचा तेव्हा चेंडू हाताशी. ती मारायची तेव्हा चेंडू कडेला, लांब, अडचणीत. अवघड तेवढं ती स्वतःकडे घेत होती आणि सोपं करून त्याला वाढत होती. तिचे चेंडू सुटले होते कारण सुटण्यासारखे तेवढे सगळे तिनंच मारले होते. आणि ती नजर! शिंपी खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावतो ना, तशी ती त्याचा हात मोजत होती. हा कुठवर वाकेल, हा कुठवर पोचेल. प्रेमबिम काही नाही. माप.

तिचं पुष्करवर काही नाही, याचा मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. जेमतेम एक फटकाभर. मग लक्षात आलं की म्हणजे दहा वर्षं ती माझंही मापच घेत होती.

आणि मग बाकीचं सगळं ओळीनं समोर आलं. न गंजलेली कोणती रेस्ट? तिच्या हातातली. माझी दोन राष्ट्रीय विजेतेपदं, पेपरांतले माझे फोटो, कोपऱ्यात अर्धवट कापली गेलेली ती. "श्रीरंगचा हात सोन्याचा आहे," असं म्हणणारे लोक. शेवटची एकेरी मला मिळायची ती दुहेरीतल्या याच खेळावर. समोर पुष्कर टाळ्यांना हात उंचावून उत्तर देत होता, अगदी मी द्यायचो तसं. मी ज्याचा एवढा हेवा करत होतो ते सगळं मला दहा वर्षं मिळत होतं आणि मला पत्ता नव्हता.

आपण ती लढत जिंकली. हॉटेलात परतताना गाडीत सगळे गात होते. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मी गप्प राहिलो असतो तर जगात कुणाला काही कळणार नव्हतं. पुष्करला नऊ, शुभदाला सहा, सरळ हिशेब. माझं मोठं मनही दिसलं असतं आणि माझं नावही शाबूत राहिलं असतं. उलट तिला मार्क द्यायचे तर का दिले ते सांगावं लागणार होतं. आणि ते सांगायचं तर स्वतःच्या नावावर फुली मारावी लागणार होती. तीही पुष्करसमोर. हे मला सगळ्यात जास्त जड जात होतं.

चहा आला.

"बोल," सर म्हणाले.

"शुभदा नऊ. पुष्कर सहा."

सरांचा कप अर्ध्यावर थांबला. "काल उलटं सांगून राहिला होता ना बे तू?"

"काल चुकलो."

"आन् आज नाही चुकून राहिला, कशावरून? आज तिनं दोन चेंडू सोडले. यानं एकही नाही. साऱ्या हॉलनं पाहिलं. घरच्या भांडणाचे मार्क इथं नको आणू, श्रीरंग."

पुष्करचा चेहरा पडला होता. "दादा, माझं काही चुकलं का?"

"तुझं काही चुकलं नाही. तुला आजवर एकही अवघड चेंडू आलेलाच नाही. सगळे हिनं मारले. तुझा हात जिथे पोचतो तिथेच ही पांढरा चेंडू आणून ठेवते. तुला रेस्ट लागली नाही, कारण तुझ्या वाटची रेस्ट ही घेते."

"हे तुले आजच दिसलं?" सरांनी विचारलं. "तीन दिवस काहून नाही दिसलं?"

"तीन दिवस कसले, सर. दहा वर्षं नाही दिसलं." माझा आवाज चढला होता. "माझ्यासाठीही ती हेच करत होती. मला रेस्ट लागत नाही म्हणून माझं नाव झालं ना, ते तिचं आहे. मी फक्त सोपे चेंडू घातले."

जसपालनं मुरलीला खुणेनं विचारलं, काय झालं? मुरलीनं खांदे उडवले. मग सर मला म्हणाले, "त्यायलेही सांग, संघाचा प्रश्न आहे." आणि ते सगळं मला पुन्हा पहिल्यापासून हिंदीत सांगावं लागलं. रागाच्या भरात एकदा बोलून गेलो होतो, पण थंड डोक्यानं शब्द जुळवून तेच पुन्हा बोलताना कान तापले.

शुभदा चमचा कपात फिरवत बसली होती. कपात चहा उरलेला नव्हता.

पुष्कर तिच्याकडे वळला. "ताई, मला रेस्टनं मारायची भीती वाटते, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पहिल्या दिवशी सरावात तू रेस्ट लागेल असे चेंडू हातानं उचलून बाजूला ठेवत होतास."

तो सरांकडे वळला. "सर, शेवटची एकेरी ताईला द्या. तिथे मला चेंडू कोण आणून ठेवणार?"

बघा आता. मला जे कळायला दहा वर्षं आणि एक जाम खांदा लागला, ते हा पोरगा हसतमुखानं एका घोटात गिळून मोकळा झाला. चांगुलपणातसुद्धा त्यानं मला मागे टाकलं. त्या क्षणी मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला.

"शुभदा, बोल ना बाई तू काही," सर म्हणाले.

"खेळते," ती म्हणाली, आणि उठून गेली. माझ्याशी ती त्या दिवशी एक शब्दही बोलली नाही.

अंतिम लढत यजमानांशी होती. ढोल, पिपाण्या, तिन्ही मजल्यांवर माणसं. दुपारपर्यंत दोन-दोन अशी बरोबरी झाली आणि सरांचं म्हणणं खरं ठरलं. शेवटची एकेरी. जो आधी सात डाव घेईल तो जिंकला, आणि त्याच्या देशाचा करंडक. समोर लांब केसांचा त्यांचा लाडका खेळाडू, आणि इकडे शुभदा.

तिनं पहिला चेंडू सुरेख घातला. आणि टेबलापासून दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

कुणालाच काही कळेना. रेफरी तिच्याकडे बघत राहिला. समोरचा खेळाडू खुर्चीतून अर्धवट उठला. मला कळलं. दहा वर्षं चेंडू घातल्यावर तिनं जोडीदाराला जागा करून दिली होती. तिचे पाय आपोआप मागे गेले होते. रेफरीनं हातानं खूण केली, "तुम्हीच, बाई." तिसऱ्या मजल्यावरून हशा पिकला. शुभदा लाल झाली, पुढे आली आणि साधा चेंडू चुकली.

पहिले तीन डाव असेच गेले. ती चेंडू घालायची, पण पांढरा चेंडू भलतीकडेच ठेवायची, एखाद्या उंच माणसाला सोयीचा होईल असा. वाकण्याआधी मान वळवून बाजूला बघायची आणि तिथे कुणीच नसायचं. सर माझ्या शेजारी बसून पुटपुटत होते, "गेलं बापा, गेलं. तुह्या मार्कांनी गेलं." पुष्कर नखं खात होता. ती हरली असती तर सगळ्यांनी मला धरलं असतं. पण खरं सांगायचं तर त्याची मला पर्वा नव्हती. जे चौघांत बोललो ते खोटं ठरू नये, एवढंच वाटत होतं.

चौथ्या डावात ती वाकली, सवयीनं तिची मान वळू लागली आणि अर्ध्यावर थांबली. ती पुन्हा सरळ उभी राहिली. तिनं स्वतःचा डावा हात टेबलावर लांब करून बघितला. कुठवर पोचतो ते. मग पुन्हा वाकली.

त्यानंतर तिनं मान वळवली नाही. पांढरा चेंडू तिच्या मागोमाग फिरू लागला. ती जिकडे जाईल तिकडे तो आधीच जाऊन थांबलेला असायचा. कोपरा, कड, पुन्हा कोपरा. हात पोचेल तिथेच, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. एवढी वर्षं तिनं दुसऱ्यांसाठी जे केलं ते ती पहिल्यांदा स्वतःसाठी करत होती. ढोल हळूहळू बंद झाले. खेळ कळणारे लोक होते ते. सहा-सहा झाल्यावर त्यांचेच लोक तिच्या फटक्यांना दाद देऊ लागले.

नऊ नंबर तिनं अगदी हलक्या हातानं घातला. सर खुर्चीवर चढले. पुष्करनं मला मिठी मारली, त्याच दुखऱ्या खांद्यावर. मी ओरडलो ते लोकांना आनंदानं वाटलं.

सगळे तिच्याभोवती धावले. मी जागेवरच टाळ्या वाजवत राहिलो आणि मला तिचा हेवा वाटला. अगदी कडकडून. पुष्करचा वाटत होता तो यापुढे किरकोळ होता. तसं मला जन्मात एकदाही खेळता आलं नव्हतं, आणि खांदा बरा झाला तरी येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाला वेळ होता. मॉलमध्ये माणसं टेबलं सोडवत होती. शुभदा म्हणाली, "चल, जाऊन येऊ." मी गेलो. एकच टेबल अजून उभं होतं. तिनं त्याच्या कापडावरून हात फिरवला.

"चार लोकांत सांगायची काय गरज होती?" ती म्हणाली. ते 'चल' सोडलं तर तिचं माझ्याशी दोन दिवसांतलं हे पहिलं वाक्य.

"तुला एकेरी हवी होती ना?"

"हवी होती. पण इतकी वर्षं मी ते कुणाला दिसू दिलं नव्हतं. तू उघडं करून टाकलंस."

"तू मला का नाही सांगितलंस? दहा वर्षं, शुभा!"

"काय सांगू? तू हरून घरी आलास की दोन दोन दिवस जेवायचा नाहीस. कुणाशी बोलायचा नाहीस. त्यापेक्षा चेंडू सोपा ठेवणं परवडायचं."

मी टेबलाची कड धरून उभा राहिलो.

"आणि मारण्याआधी माझ्याकडे बघायचीस ते?"

"तुझा हात किती पोचेल ते बघत होते."

"फक्त तेच?"

"टेबलाशी फक्त तेच," ती म्हणाली. "आणि पुष्करचं म्हणशील तर त्याचा हात तुझ्यापेक्षा चार बोटं आखूड आहे. त्याला पुरवता पुरवता माझी कंबर गेली."

मला हसू आलं, पण पूर्ण आलं नाही. तिथल्या एका माणसाकडून मी दोन क्यू आणि चेंडू मागून घेतले. खांदा अर्धाच उठत होता, पण क्यू हलवायला तेवढा पुरतो.

"एक डाव जोडीनं," मी म्हणालो. "पण माझ्यासाठी काही करायचं नाही. तुला वाटेल तिथे ठेव."

"बघ हं. मग जेवायचं सोडशील."

"ठेव तू."

तिनं एक नंबर घातला. माझ्याकडे बघितलं नाही. पांढरा चेंडू सरळ पलीकडे गेला, कडेला जाऊन चिकटला, आणि त्याच्या आणि दोन नंबरच्या बरोबर मध्ये सात नंबर आडवा.

मी टेबलाला एक चक्कर मारली. दुसरी मारली. "यातून दोन नंबर दिसतच नाही."

"मलाही दिसत नव्हता कधी. तरी मारायचे."

मी मारला. पांढरा चेंडू दोन नंबरच्या आसपासही गेला नाही. सगळ्यांना चुकवून तो थेट कोपऱ्यातल्या भोकात गडप झाला, नवशिक्याचा जातो तसा. टेबलं सोडवणारे दोघेजण थांबून बघू लागले. शुभदा खदखदून हसली. क्यूवर हनुवटी टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. इतक्या वर्षांत टेबलाशी तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"पुन्हा ठेव," मी म्हणालो.

"तसाच?"

"तसाच."

तिनं डोळे पुसले, भोकातून पांढरा चेंडू काढला आणि नेऊन पुन्हा कडेला चिकटवला.